चिनी गुलाबाचा वाफा

घरोघरी ‘ऑफिस टाइम’ म्हणून ओळखला जाणारा चिनी गुलाब मूळचा दक्षिण अमेरिकेतला असला, तरी तो आपल्या घोळाच्या भाजीचा सख्खा भाऊबंद आहे. निंदणीत उपटून बांधावर टाकलेली घोळ ओल मिळताच पुन्हा मूळ धरते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या झाडाचा चिवटपणा वेगळा सांगावा लागत नाही. पाने आणि खोड यांत पाणी साठवणारे हे झाड तहानेने क्वचित मरते. मुळाशी पाणी साचले तर मात्र हमखास कुजते.

म्हणून सगळी मेहनत आधी निचऱ्यावर करावी. काळी माती ओल धरून ठेवते, तेव्हा तिच्यात तेवढीच जाडसर वाळू आणि थोडे जुने शेणखत मिसळून वाफा आसपासच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच करावा. दिवसाला किमान सहा तास थेट ऊन हवेच. सावलीत कांड्या लांबतात आणि कळ्या उमलत नाहीत.

लागवड कांडीपासून करावी. सात-आठ सेंटिमीटरची कांडी घेऊन तिच्यावरच्या कळ्या खुडाव्यात, खालची पाने काढावीत आणि कापलेले टोक सावलीत दिवसभर सुकू देऊन कांड्या एकमेकींपासून वीतभर अंतरावर लावाव्यात. शेंडे खुडत राहिल्यास फुटवे आडवे पसरतात आणि माती झाकून जाते. वरची माती बोटाला कोरडी लागल्याखेरीज पाणी देऊ नये. खतही बेतानेच द्यावे. नत्र जास्त झाले की पाला माजतो आणि फुले कमी होतात.

बियांनीही रोपे होतात. पिकलेल्या बोंडाची वरची टोपी डबीच्या झाकणासारखी अलगद सुटते आणि आत करड्या, चमकदार, वाळूच्या कणाएवढ्या बिया दिसतात. त्या मातीवर नुसत्या भुरभुराव्यात, कारण खोल गाडल्या तर उगवत नाहीत. गुलाबासारख्या भरगच्च पाकळ्यांचा वाण मात्र कांडीनेच वाढवावा, कारण बियांपासून तशीच फुले येतील याची खात्री नसते.

खरी कसोटी पावसाळ्याची असते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर उघड्या वाफ्यातली झाडे टिकतील असे धरून चालू नये. मेअखेरीस प्रत्येक रंगाच्या चार-पाच कांड्या कुंडीत लावून ती कुंडी पागोळ्या लागणार नाहीत अशी वळचणीच्या आत, पण उजेडात ठेवावी, आणि ऑक्टोबरचे ऊन पडू लागले की त्याच कांड्यांपासून वाफा पुन्हा भरावा.