कार्पेटसाठी सिंगल डिस्क मशीन: निवड आणि वापर

सिंगल डिस्क मशीन, म्हणजे खाली एकच गोल फिरणारी चकती असलेलं मशीन, कार्पेट घासतं, पण मळ ओढून घेत नाही. सुटलेला मळ एकतर बॉनेटमध्ये (चकतीखाली बसणाऱ्या जाड गोल कापडात) उतरतो, नाहीतर वाळल्यावर व्हॅक्यूमने काढावा लागतो. यातलं काहीच झालं नाही तर तो तंतूंच्या मुळाशी जाऊन बसतो आणि चार दिवसांत पुन्हा वर दिसू लागतो. मशीन घेताना आणि चालवताना ही गोष्ट सतत डोळ्यांसमोर ठेवा.

आधी कार्पेट तपासा

कार्पेट बोटांनी दुमडून लव उघडून पाहा. धागा वर येऊन पुन्हा खाली शिरत असेल तर ते लूप पाइल. धाग्यांची कापलेली टोकं दिसली तर कट पाइल. आखूड आणि घट्ट विणीचं नायलॉन किंवा पॉलिप्रोपिलीनचं लूप पाइल या मशीनखाली चांगलं टिकतं. ऑफिस, हॉटेलचे कॉरिडॉर, सभागृहं इथे बहुतेक तेच असतं.

कट पाइलमध्ये धाग्याचा पीळ उकलतो आणि गोल गोल वळसे उमटतात. ते पुढे कशानेही जात नाहीत. लोकर, रेशीम, व्हिस्कोज, हाताने विणलेले गालिचे आणि लांब लवेचं कार्पेट यांवर हे मशीन चालवूच नये. मोठ्या, सैल लूपच्या कार्पेटवर एक लूप जरी अडकून ओढला गेला तरी पूर्ण ओळ उसवू शकते. सुटलेले जोड, उचललेल्या कडा, फुगे, झालरी आणि खाली न चिकटवलेले सुटे गालिचेही या मशीनसाठी नाहीत, कारण चकती त्यांना गुंडाळून घेते.

मशीन निवडताना

पहिला प्रश्न वेगाचा. कार्पेटसाठी मिनिटाला १७५ फेऱ्यांच्या आसपासचं मशीन घ्या. ३०० किंवा त्याहून जास्त फेऱ्यांची मशीन फरशीच्या पॉलिशसाठी असतात. कार्पेटवर त्यांच्या घर्षणाची उष्णता तंतूला सहन होत नाही, द्रावण भिंतींवर उडतं आणि मशीन हातातून सुटण्याची भीती असते. दोन वेगांचं मशीन असेल तर कार्पेटवर फक्त कमी वेग वापरा.

आकारात १७ इंची मशीन सर्वांत उपयोगी. अरुंद जागांसाठी १३ इंची बरं. २० इंची मशीन मोकळ्या हॉलमध्ये काम लवकर उरकतं, पण कार्पेटवर फार ओढतं आणि चालवणाऱ्याचे खांदे थकवतं. गुळगुळीत फरशीपेक्षा कार्पेटवर घर्षण कितीतरी जास्त असतं, म्हणून १७ इंचांना १.५ हॉर्सपॉवरची मोटर हवी. त्याहून कमकुवत मोटर फरशीवर मजेत चालते, पण कार्पेटवर तापून वारंवार ट्रिप होते. याच कारणाने बेल्टपेक्षा गिअरचं मशीन पसंत करावं, कारण भार आला की बेल्ट घसरतो.

हात सुटताच मशीन बंद करणारा ट्रिगर, अर्थिंगची तीन पिनांची केबल आणि उंची बदलता येणारं हँडल यांच्याशी तडजोड करू नका. एक्स्टेन्शन लावायचीच असेल तर तिची तार मशीनच्या केबलइतकी तरी जाड असावी. बारीक तारेने व्होल्टेज पडतं आणि मोटर जळते. रोजचं काम फक्त कार्पेटचंच असेल तर ऑर्बिटल मशीनचाही विचार करा. त्याची चकती गरगर न फिरता लहान लहान हेलकावे घेते, त्यामुळे वळसे उमटण्याचा धोका बराच कमी होतो आणि शिकायलाही ते सोपं असतं.

ब्रश की बॉनेट

शाम्पूच्या ब्रशचे केस मऊ नायलॉनचे असतात आणि टाकीतलं द्रावण ब्रशमधून खाली उतरतं. फरशी घासण्याचा कडक किंवा खरखरीत केसांचा ब्रश कार्पेटला लावू नका. शाम्पूने मळ सुटतो चांगला, पण पाणी भरपूर जातं, म्हणून नंतर ते ओढून घेणारं एक्स्ट्रॅक्शन मशीन हाताशी असेल तरच ही पद्धत धरा.

नेहमीच्या देखभालीला बॉनेट बरं. सुती किंवा मायक्रोफायबरचं हे जाड गोल कापड पॅड होल्डरखाली, म्हणजे ब्रशच्या जागी बसवायच्या चकतीखाली बसतं आणि मळ स्वतःत घेतं. एका बाजूने साधारण १०० ते १५० चौरस फूट होतं, मग उलटायचं. म्हणजे १००० चौरस फुटांना ४ ते ५ बॉनेट लागतात. इथेच कंजुषी होते. भरलेलं बॉनेट मळ उचलत नाही, एका जागचा दुसऱ्या जागी पसरवतं.

कामाचा क्रम

आधी व्हॅक्यूम, तोही सावकाश आणि दोन्ही दिशांनी. कोरडी धूळ राहिली तर ओलाव्याने तिचा चिखल होतो आणि मग ती निघत नाही. स्टेपलच्या पिना आणि खडे हाताने वेचा.

द्रावण कोपऱ्यात थोडं लावून पांढऱ्या कापडाने मिनिटभर दाबून पाहा. कापडाला रंग लागला तर थांबा. केमिकल घेताना वाळल्यावर कुरकुरीत होणारं, एन्कॅप्सुलेशन प्रकारचं, म्हणजे मळाला स्वतःत बांधून वाळणारं घ्या. त्याचा पातळ थर बशीत वाळू द्या आणि नखाने खरवडा. पापुद्रे सुटले तर चांगलं. चिकट राहिलं तर तसाच चिकटपणा कार्पेटमध्ये राहील आणि नवी धूळ धरेल. प्रमाण लेबलवर लिहिलेलंच ठेवा. जास्त घातल्याने जास्त स्वच्छ होत नाही, उलट शेष वाढतो.

पंपाने फवारणी करा, १०० चौरस फुटांना साधारण १ लिटर. ५ ते १० मिनिटं मुरू द्या, पण वाळू देऊ नका, म्हणून एका वेळी तेवढाच भाग घ्या. बॉनेट त्याच द्रावणात बुडवून थेंब गळायचे थांबेपर्यंत पिळा. कोरडं बॉनेट कधीच लावू नका. घर्षणाच्या उष्णतेने पॉलिप्रोपिलीन वितळून चकचकीत पट्टा उमटतो आणि तो कायमचा राहतो. या कारणानेच फिरतं मशीन एका जागी उभं ठेवायचं नाही, डाग कितीही हट्टी असला तरी. डागावर आधी हाताने काम करा.

मशीन ताब्यात ठेवणं

ब्रश किंवा पॅड होल्डर बसवताना प्लग काढलेलाच हवा. मग मशीन सरळ करा, चाकं जमिनीवरून उचललेली आहेत ना पाहा, हँडल कमरेच्या थोडं खाली आणून पक्कं करा आणि केबल खांद्यावरून मागे टाका.

नवखे लोक मशीनला ढकलायला जातात आणि तिथेच ते त्यांना फेकतं. ते ढकलायचं नसतं, झुकवायचं असतं. वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरणाऱ्या चकतीचं हँडल किंचित खाली दाबलं की भार मागच्या कडेवर येतो आणि मशीन डावीकडे जातं. किंचित उचललं की भार पुढच्या कडेवर येतो आणि ते उजवीकडे जातं. चकती सपाट असेल तेव्हा ते जागीच राहतं. फरक बोटभर उंचीचा असतो. काही मशीनची चकती उलट दिशेने फिरते, म्हणून आधी मोकळ्या ओल्या फरशीवर १५ मिनिटं सराव करा. मशीन सुटतंय असं वाटलं तर हँडल आवळू नका, ट्रिगर सोडा.

डावीकडून उजवीकडे अर्धा पट्टा एकमेकांवर येईल असं मागे मागे सरका, म्हणजे ओल्या भागावर पाय पडत नाही. मशीनची दुसरी फेरी पहिलीला आडवी मारा. शेवटी लव एका दिशेने विंचरा, पंखे लावा आणि दारं उघडी ठेवा. बॉनेटने केलेलं कार्पेट साधारण दोन-तीन तासांत वाळतं. पूर्ण वाळल्यावर पुन्हा व्हॅक्यूम मारायलाच हवं, कारण केमिकलने बांधलेला मळ त्या वेळी निघतो. हा टप्पा सर्वांत जास्त वगळला जातो आणि मग दोष केमिकलला दिला जातो.

वाळताना जुना डाग परत वर आला तर पाणी जास्त झालेलं असतं. खालचा मळ ओलाव्याबरोबर धाग्यातून वर चढतो. तिथे पुन्हा द्रावण ओतू नका, किंचित ओलं बॉनेट एकदा फिरवा. तागाच्या पाठीच्या कार्पेटवर तपकिरी छटा येते आणि ते आकसतं. त्याचंही कारण जास्तीचं पाणीच.

बॉनेट धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्याने शोषण कमी होतं. काम संपल्यावर टाकी आणि नळी साध्या पाण्याने धुवा आणि ब्रश काढून ठेवा. मशीनच्या वजनाखाली रात्रभर राहिलेले केस एका बाजूला वाकतात आणि मग मशीन कायम एकीकडे ओढत राहतं.