जन्माची नोंद सासरी नाही, बाळंतपण झालं तिथे

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. सासर आर्वीकडचं, बाळ जन्मलं यवतमाळच्या दवाखान्यात, आणि सहा वर्षांनी शाळेत नाव घालताना बाप दाखल्यासाठी आपल्याच ग्रामपंचायतीत चकरा मारतो. तिथे नोंद सापडणारच नाही. ती जन्म जिथे झाला तिथल्याच जन्म-मृत्यू निबंधकाकडे, म्हणजे नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे असते. मृत्यूचंही तसंच.

म्हणून सुट्टी होण्याआधी दवाखान्यात विचारा : नोंद कुठे पाठवली, नोंदणी क्रमांक काय? तो क्रमांक लसीकरणाच्या कार्डावर लिहून ठेवा. दवाखान्यात भरतात त्या फॉर्मवर आईबापाची नावं आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. घाईत आजी तोंडी सांगते आणि ‘ज्ञानेश्वर’चं इंग्रजी स्पेलिंग लिहिणाऱ्याच्या मनाला येईल तसं पडतं. दुरुस्ती होते, पण फार रखडते.

बाळ घरीच झालं असेल तर त्या गावच्या ग्रामसेवकाला २१ दिवसांत कळवा. त्यानंतर विलंब शुल्क, ३० दिवसांनंतर वरची परवानगी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. बारसं व्हायचंय म्हणून थांबू नका. नावाशिवाय नोंद होते, नाव १२ महिन्यांत फुकट चढवता येतं.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या लेकरांना शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, सगळीकडे जन्मतारखेच्या पुराव्याला हाच दाखला लागणार आहे. आता तो क्यूआर कोडसह ऑनलाइन निघतो. लॅमिनेशन करण्याआधी फोटो काढून ठेवा.