टीसीएल टाकीत, खात्री टोकाच्या नळावर

नव्यानं जलसुरक्षक, म्हणजे गावाचं पाणी शुद्ध करून सोडणारा माणूस, म्हणून लागलेली पोरं पहिल्यांदा हेच विचारतात, "काका, टीसीएल किती टाकायचं?" टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर. हजार लिटरला ५ ग्रॅम हे त्यांना पाठ असतं. आकडा बरोबर आहे, पण तो ताज्या पावडरीचा.

चांगल्या टीसीएलमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की तो उडतो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर तपासणीत नापास होते, आणि तुम्ही रोज इमानदारीनं टाकत असता नुसता चुना! म्हणून माल घेताना पोत्यावरची तारीख बघा, मगच सही करा. साठा झाकणाच्या प्लास्टिक पिंपात, फळीवर. पंपाच्या खोलीत स्टार्टरशेजारी तर मुळीच नको, तिथलं सगळं लोखंड गंजतं.

५० हजार लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम. टाकी निम्मी असेल तर निम्मं. मुठीनं टाकायची सवय मोडा. दुकानाच्या काट्यावर एकदा तोलून एका डब्याला रेघ मारून ठेवा. मास्क, हातमोजे घाला, वाऱ्याकडे पाठ करा. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात पावडर काठीनं कालवा, मग बादली भरा आणि अर्धा तास हात लावू नका. गाळ खाली बसला की फक्त वरची निवळी टाकी भरत असताना ओता. गाळ आत गेला तर पुढे व्हॉल्व्ह तुम्हालाच खोलावा लागेल. त्यानंतर आणखी अर्धा तास पाणी सोडायचं नाही. या अर्ध्या तासात फोन येतात, सरपंचांचाही येतो. "औषध मुरतंय, सोडतो" एवढंच सांगा.

आता ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का ते ओटीच्या थेंबांनी बघायची तपासणी. बरेचजण ती टाकीखालच्या नळावर उरकतात. तिथं रंग येणारच. टेस्ट करायची ती लाइनच्या शेवटच्या घरी. नळ थोडा वेळ वाहू द्या, क्लोरोस्कोपची (या टेस्टच्या पेटीची) नळी त्याच पाण्यानं विसळा, खुणेपर्यंत भरा, बाटलीवर लिहिलेत तेवढे थेंब टाका आणि पिवळा रंग लगेच पट्टीशी जुळवा. उशीर केला तर आकडा फसवा येतो. क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा, साथीच्या दिवसांत ०.५. तपासलेलं पाणी ओतून द्या, ओटीची बाटली पोरांच्या हाती लागू देऊ नका.

टाकीवर रंग आणि टोकाला काहीच नाही, तर मधली लाइन पायी फिरा. गटारीजवळची गळती आधी शोधा. आपल्याकडे पाणी तासभर येतं आणि मग पाइप रिकामा होतो. रिकामा होताना तो फटीतून बाहेरची घाण ओढतो. नळाला लावलेली टिल्लू मोटार (पाणी ओढायचा छोटा पंप) हेच काम आणखी जोरात करते. मोटारवाल्याचं नाव ग्रामसभेत घेऊ नका, तो हट्टाला पेटतो. संध्याकाळी घरी जा, चहा घ्या, गटारीतला पाइप दाखवा.

टेस्ट नेहमी घरच्या बाईसमोर करायची. घरातलं पाणी तीच भरते. परवा एक मावशी म्हणाल्या, "तुमच्या पाण्याला औषधाचा वास मारतो, आम्ही विहिरीचंच पितो." मी म्हटलं, "मावशी, विहिरीचं आणा, दोन्ही तपासू." नळाचं पिवळं झालं, विहिरीचं तसंच राहिलं. मग सांगितलं, की पिवळ्या पाण्यात औषध शिल्लक आहे, विहिरीच्या पाण्यात जंतू मारायला काहीच नाही. वास नको असेल तर हंडा भरून थोडा वेळ ठेवा, कमी होतो. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं शिकवतात. तुमच्या गावातल्या त्या पाचजणी कोण, हे माहीत करून घ्या. त्यांचा शब्द गल्लीत आपल्यापेक्षा जास्त चालतो.

पाइप फुटला तर निरोप लोकांनी विचारायच्या आधी गेला पाहिजे. कुठली आळी, पाणी कधी येईल, काय करायचं, एवढंच. उदाहरणार्थ: "खालच्या आळीची लाइन फुटली आहे. उद्या सकाळी पाणी येईल. पहिलं गढूळ पाणी सोडून द्या, दोन दिवस उकळून प्या." व्हॉट्सअ‍ॅपवर टाका आणि देवळाच्या स्पीकरवरही सांगा.

एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पाण्याच्या सर्वेक्षणावर पंचायतीला लाल, पिवळं की हिरवं कार्ड ते ठरतं; लाल म्हणजे धोका जास्त, हिरवं म्हणजे कमी. आरोग्यसेवक आले की सोबत फिरा, ते बोट दाखवतील ती जागा वहीत लिहा. वहीत रोजची तारीख, टीसीएलचं वजन, टोकाच्या घराचा आकडा आणि त्या घरातल्या माणसाची सही, एवढे रकाने पुरेत.