समुद्रावर सहकुटुंब फोटो काढायचे तर आधी तिथी बघा

दापोलीत माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराई संपली की पासपोर्ट साइझ आणि फ्रेमिंगवर तो चालतो. दिवाळीत आणि मे महिन्यात मात्र वेगळंच गिऱ्हाईक येतं. मुरूड, कर्दे, हर्णै, आंजर्ले फिरून परतणारी मुंबई-पुण्याची मंडळी गाडी बाहेर उभी करतात, फोन पुढे करतात आणि म्हणतात, "दादा, यातले चांगले निवडून प्रिंट मारून द्या ना." मी निवडायला बसतो. तीनचारशे फोटो. निम्म्यांत मधोमध समुद्र आणि त्याच्यापुढे मुंगीएवढी माणसं. उरलेल्यांत चेहरे काळेठिक्कर आणि मागे पांढराफटक उजेड. फोन महागडे असतात हो. पण लोक जातात भलत्या वेळी आणि उभे राहतात भलत्या जागी.

वेळेपासूनच सुरुवात करू, कारण तिथेच निम्मं काम होतं.

आमच्या किनाऱ्यावर फोटोची खरी चैन म्हणजे ओहोटीची ओली वाळू. पाणी नुकतंच मागे सरलेलं, वाळू घट्ट आणि गुळगुळीत, आणि तिच्यात अख्खं आकाश उतरलेलं. मावळतीला अशा वाळूवर पोरं पळाली की त्यांची सावली नाही, रंगीत प्रतिबिंब पळतं. भरतीच्या वेळी हीच जागा पाण्याखाली असते. मग उरते ती सुरूच्या झाडांपर्यंतची कोरड्या वाळूची पट्टी, आणि तिच्यावर घोडागाड्या, मोटारसायकली आणि भेळवाले.

म्हणून हॉटेल बुक करण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा या सुमाराला भरती. चतुर्थीला तीन. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या अ‍ॅपवर मिळतेच. पण दोन महिने आधी सुट्टी टाकताना हा हिशेब पुरतो.

आता गंमत बघा. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकरा-बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला, ऐन मावळतीच्या तोंडावर. शिवाय तेव्हा उधाण असतं, त्यामुळे पाणी नेहमीपेक्षा लांब जातं आणि वाळू मैदानासारखी मोकळी पडते. लक्ष्मीपूजन अमावास्येचंच असतं. दिवाळीत आलात तर ही संध्याकाळ आयती मिळते. अष्टमीच्या आसपास आलात तर मात्र मावळतीला पाणी वर आलेलं असणार. त्या दिवशी ओली वाळू विसरा आणि आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला जा. वरून समुद्र, माडांचे शेंडे आणि सुवर्णदुर्ग दिसतो. तिथे भरतीच छान दिसते.

दिवसातली वेळही तितकीच महत्त्वाची. आमचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, सूर्य समुद्रात मावळतो आणि डोंगरामागून उगवतो. त्यामुळे सकाळी सात ते नऊ समुद्राकडे पाठ करून उभं राहिलेल्या माणसाच्या तोंडावर मऊ ऊन पडतं आणि मागचं पाणी निळं दिसतं. सहकुटुंब फोटोला ही सगळ्यात सोपी वेळ, आणि नेमकी तेव्हाच मंडळी झोपलेली असतात किंवा घावण्यांची वाट बघत असतात. दुपारी चारनंतर उलटं. सूर्य समुद्रावर असतो, म्हणजे समुद्र मागे घेतलात की चेहरा काळा पडणारच. तेव्हा माणसांनाच समुद्राकडे तोंड करून उभं करा, मागे माड-सुरू येऊ देत. समुद्र प्रत्येक फोटोत दिसलाच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही.

अकरा ते तीन या वेळात उघड्यावर माणसांचे फोटो काढूच नका. डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडतात आणि सुंदर बायकाही आजारी दिसतात. काढायचेच झाले तर सुरूच्या बनाच्या कडेला या. अगदी आत नाही, सावली संपते तिथे. माणूस सावलीत आणि तोंड उजेडाकडे. तारकर्लीसारख्या पांढऱ्या वाळूवर खालून उजेड उसळतो, तिथे दुपारही थोडी चालून जाते. आमची मुरूड-कर्द्याची वाळू करडी, ती उजेड गिळते.

आता फोन हातात घ्या आणि आधी लेन्स पुसा. चेष्टा नाही. खाऱ्या वाऱ्यानं काचेवर तासाभरात चिकट थर बसतो, त्यात सनस्क्रीनची बोटं आणि सुरमई फ्रायचं तेल. सगळ्या फोटोंवर धुकं दिसतं आणि लोकांना वाटतं कॅमेरा बिघडला. पुसायला चष्म्याचं कापड खिशात ठेवा. ओढणी किंवा पदर नको, त्यात वाळूचे कण असतात आणि काचेला चरे पडतात. एसीच्या खोलीतून थेट बाहेर आलात तर लेन्सवर दव धरतं. ते पुसत बसू नका, दहापंधरा मिनिटं थांबा, आपोआप जातं.

सेटिंगमध्ये ग्रिडच्या रेघा चालू करा. तिरपं क्षितिज दुसऱ्या कुठल्या फोटोत एवढं खटकत नाही, समुद्राच्या फोटोत मात्र पाणी सांडतंय असं वाटतं. आणि ते क्षितिज कोणाच्या मानेतून जाऊ देऊ नका. फोन थोडा खाली-वर केला की ते खांद्याखाली किंवा डोक्यावर जातं.

सूर्यास्ताला स्क्रीनवर आकाशावर बोट दाबून ठेवा. फोकस आणि उजेड दोन्ही तिथे लॉक होतात. मग सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. आकाशाचे रंग घट्ट होतील आणि माणसं काळ्या आकृत्या होतील. अशा फोटोत चेहरा नसतो, म्हणून आकार दिसला पाहिजे. सगळे खांद्याला खांदा लावून उभे राहिले तर एकच काळा गोळा दिसतो. दोन माणसांत आकाश दिसेल एवढी फट ठेवा, बाजूनं उभं करा, हात अंगापासून सुटे ठेवा. आजोबांची काठी, पोरीच्या दोन वेण्या, वाऱ्यावर उडणारी ओढणी, यावरून माणूस ओळखू येतो. ओल्या वाळूतलं प्रतिबिंब हवं असेल तर फोन उलटा धरा, लेन्स खाली, जमिनीपासून वीतभर. मात्र शेजारी एक माणूस लाटेवर नजर ठेवून उभा असू दे.

आणि सूर्य बुडाला की लगेच चहाला पळू नका. पुढची पंधरावीस मिनिटं आकाश खरं रंगतं. त्या वेळी किनाऱ्यावर आम्ही स्थानिक तेवढे उरतो.

माणसांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण प्रिंट शेवटी माणसांचीच निघते. "सगळे इकडे बघा" हा फोटो एकदा काढा, पहिल्याच दिवशी, कपडे कोरडे आणि केस जागेवर असताना. त्यानंतर कोणाला उभं करू नका. आजीचंच घ्या. ती आधी "मी नाही येत पाण्यात" म्हणून चपलांपाशी बसते. मग कोणीतरी नातवंड हात धरून ओढतं. ती निऱ्या मुठीत धरते, घोट्यापर्यंत पाणी येतं, लाट परतताना पायाखालची वाळू सरकते आणि ती "अगं बाई!" करून नातवाचा खांदा पकडते. तो क्षण दुसऱ्यांदा होत नाही. त्यासाठी ती चपलांपासून उठली की तुम्ही बाजूला आठदहा पावलं जाऊन तयार राहायचं, समोर नाही. समोर उभे राहिलात तर ती तुमच्याकडे बघून पदर सारखा करते आणि सगळं संपलं. बटण दाबून ठेवलं की बऱ्याच फोनांत एकामागोमाग फोटो निघतात. लाट परतायला लागली की दाबा.

पोरांचे फोटो काढताना गुडघ्यावर बसा. उभ्यानं काढले तर नुसती डोकी आणि वाळू येते. सगळ्यांना एकाच रंगाचे, पुढे "फॅमिली ट्रिप" लिहिलेले टी-शर्ट घालायची टूम निघाली आहे, माझं मत विचाराल तर ते घरीच ठेवा. करड्या वाळूवर हळदी, लाल, मोरपंखी रंग उठून दिसतात. दुपारच्या उन्हात पांढरा कपडा नुसता चमकतो. आणि ग्रुप फोटोत टोकाच्या माणसांना वाइड लेन्सवर घेऊ नका, ती रुंद होतात. सासूबाईंना तर मुळीच टोकाला उभं करू नका.

फोटो काढणारा माणूस कुठल्याच फोटोत नसतो, हे मी अल्बम करताना नेहमी बघतो. बहुतेक वेळा ती आई असते. टायमर दहा सेकंदांवर लावा आणि फोन दोन चपलांच्या मध्ये उभा करा. नाहीतर शेजारच्या कुटुंबाला विनंती करा, पण आधी स्वतः फ्रेम लावून दाखवा: "इथेच उभे राहा, फोन असाच धरा, तीनचार काढा." मग त्यांचाही काढून द्या.

व्हिडिओत लोकांचा आवाज जातो आणि नुसता वारा ऐकू येतो. दुपारी खारा वारा समुद्राकडून जमिनीवर येतो, तोही जोरात, कारण जमीन पाण्याआधी तापलेली असते. रात्री आणि पहाटे तो उलटा आणि मंद वाहतो. नातवाची बडबड किंवा आजोबांचं गाणं नीट ऐकू यायला हवं असेल तर सकाळी लवकर रेकॉर्ड करा. दुपारी करायचंच तर स्वतः वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, फोन अंगाच्या आडोशाला धरा आणि बोलणाऱ्याला दोन हातांवर बोलवा.

फोन डावीकडून उजवीकडे फिरवत समुद्र दाखवू नका. एका जागी धरा, दहा-पंधरा सेकंद, आणि फ्रेममध्ये माणसांना हलू द्या. स्लो मोशन भर उजेडात, पोरं लाटेवरून उडी मारताना. संध्याकाळी त्यात नुसते दाणे येतात. घरच्या टीव्हीवर बघायचं असेल तर फोन आडवा धरा. फोर-के व्हिडिओ मिनिटाला शेदीडशे एमबीच्या वर सहज जातो, तेव्हा निघण्याआधी जागा मोकळी करा. किल्ला बांधून होईपर्यंतचा टाइमलॅप्स लावा, भरती चढती असेल तर आणखी मजा: पोरं बांधतात आणि लाट शेवटी सगळं घेऊन जाते.

डॉल्फिन बघायला होडीत गेलात तर फोटोच्या नादी लागू नका. "तिकडे तिकडे" म्हणेपर्यंत तो बुडतो आणि मागे उरतं पाणी. होडीवाला दाखवेल त्या दिशेला व्हिडिओ चालू ठेवा, झूम थोडाच.

फोन पाण्यात नेण्याबद्दल. फोन पाण्यात टिकतो म्हणून आयपी६८ लिहिलेलं असतं, ती चाचणी गोड्या पाण्यातली, समुद्राच्या नाही. मीठ चार्जिंगच्या भोकात राहतं आणि तिथलं धातूकाम खातं. प्लास्टिकची पाऊच घेतलीत तर आदल्या दिवशी आत नुसता टिश्यू ठेवून बादलीत बुडवून बघा. पाण्याखाली टचस्क्रीन चालत नाही, व्हॉल्यूमच्या बटणानं फोटो निघतो. खारं पाणी उडालं तर ओल्या फडक्यानं पुसा, मग कोरडं करा, आणि भोक पूर्ण सुकल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. उन्हानं फोन तापून कॅमेरा बंद झाला तर सावलीत ठेवा, थंड पेयांच्या बर्फात नको, आत पाणी सुटतं.

सेल्फी घेताना समुद्राकडे पाठ करून खडकावर उभं राहू नका. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर तर भरतीला जाऊच नका. तिथे लाट कुठून येते ते कॅमेऱ्यात दिसत नाही.

हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव जरूर बघा, बैलगाड्या, टोपल्या, आरडाओरडा, सगळं फोटोत घेण्यासारखं आहे. पण तिथल्या मासळीवाल्या बायका कामावर असतात. आधी विचारा, "मावशी, काढू का एक?" बहुतेक जणी हसून हो म्हणतात, एखादी नाही म्हणते, मग नाही काढायचा. मार्चच्या सुमाराला वेळासला किंवा आंजर्ल्याला कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात, तिथे फ्लॅश बंद, दोरीच्या बाहेर उभं राहायचं आणि कार्यकर्ते सांगतील ते ऐकायचं. आणि आंघोळ करणाऱ्या पोरांचे फोटो, आपले असोत की दुसऱ्याचे, स्टेटसला टाकू नका.

रात्री जेवणं झाली की सगळे फोन एकत्र घेऊन बसा आणि नको ते तिथेच उडवा. किनाऱ्यावर उन्हात स्क्रीन नीट दिसत नाही, चांगले फोटो उडतात. हॉटेलचं वायफाय बेभरवशाचं, म्हणून फोनला थेट लावता येणारा एक ओटीजी पेनड्राइव्ह बरोबर ठेवा. नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधे पाठवलेत तर बारीक होऊन येतात, आणि मग कोणीतरी त्यातलाच एक घेऊन माझ्याकडे बारा बाय अठराची फ्रेम करायला येतो.