गॉसमधून नॅनोटेस्लाकडे: भूचुंबकत्वात येणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत गॉसमीटरची, म्हणजे चुंबकीय क्षेत्र गॉस या एककात मोजणाऱ्या यंत्राची, सवय झालेली असते. विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये प्रोब धरला की हजारो गॉस दिसतात. प्रोजेक्टसाठी मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने पनवेलला जाऊ लागलो, तेव्हा तिथे सगळं बोलणं नॅनोटेस्लात, म्हणजे टेस्लाच्या अब्जाव्या भागात, चालायचं. नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. या विषयात यायचं असेल तर तिच्या प्रकल्पांच्या जाहिराती बघत राहा.

1 टेस्ला म्हणजे 10,000 गॉस, हे सगळ्यांना पाठ असतं. पण कामाला येतात ते ओळखीचे आकडे. एमआरआय यंत्र 1.5 किंवा 3 टेस्लाचं. अलिबागच्या वेधशाळेत पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक सुमारे 38,000 नॅनोटेस्ला, म्हणजे जेमतेम 0.38 गॉस. शांत दिवशी त्यात होणारा चढउतार काही दहा नॅनोटेस्लांचाच. ट्रामच्या विजेच्या प्रवाहाने एवढं बारीक मोजमाप बिघडतं. म्हणून तर मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेचं हे काम 1904 मध्ये अलिबागला हलवावं लागलं.

त्याच कुलाब्यात 2 सप्टेंबर 1859 रोजी आडवा घटक सुमारे 1,600 नॅनोटेस्लांनी कोसळल्याची नोंद आहे. एकूण क्षेत्राच्या मानाने चारेक टक्के! तरी ते ज्ञात चुंबकीय वादळांतल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. हे प्रमाण कळलं तेव्हा मला या विषयाची खरी गोडी लागली.

जुन्या शोधनिबंधांत ‘गॅमा’ भेटेल. तो म्हणजे 1 नॅनोटेस्लाच.

खरा गोंधळ बी (चुंबकीय प्रवाह घनता) आणि एच (चुंबकीय क्षेत्र तीव्रता) यांचा. बी टेस्ला किंवा गॉसमध्ये, एच अँपिअर प्रति मीटर किंवा ऑर्स्टेडमध्ये. हवेत गॉस आणि ऑर्स्टेडचे आकडे जवळपास सारखेच येतात, म्हणून दोन्ही एकच वाटतात. लोखंडाचा नमुना हातात आला की हा समज टिकत नाही. 1 ऑर्स्टेड म्हणजे सुमारे 79.6 अँपिअर प्रति मीटर, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

घरबसल्या सुरुवात करायची तर मोबाइलमधला चुंबकमापक पुरेसा आहे. तो मायक्रोटेस्ला (1 मायक्रोटेस्ला म्हणजे 1,000 नॅनोटेस्ला) दाखवतो. ठाण्याच्या उपवन तलावासारख्या ठिकाणी मोकळ्यावर आकडा बघा, मग सळ्या असलेल्या खांबाशी. नंतर प्रोटॉन मॅग्नेटोमीटर समजून घ्या. त्यात प्रोटॉन चुंबकीय क्षेत्राभोवती भोवऱ्यासारखे, दर मायक्रोटेस्लाला सुमारे 42.58 हर्ट्‌झने डोलतात, म्हणजे 43 मायक्रोटेस्लाला साधारण 1,830 हर्ट्‌झ. क्षेत्राचं मोजमाप इथे वारंवारता मोजून होतं, आणि वारंवारता फार अचूक मोजता येते. मुलाखतीला जाण्याआधी हा हिशेब स्वतः करून बघा.