कोकणातून दक्षिण आफ्रिकेतील विद्यापीठात एक सत्र शिकायला जाताना

रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडमधील महाविद्यालयातून विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेखाली दक्षिण आफ्रिकेत जायचे ठरले, की घरून आधी जेवणाचे विचारले जाते आणि त्यामागोमाग सुरक्षिततेचे. दोन्ही चिंता रास्त आहेत आणि दोन्हींची तजवीज करता येते. सत्र हातचे जाते ते मात्र बहुतेकदा अभ्यासाच्या वेळापत्रकामुळे, कारण शेवटच्या महिन्यात रात्री जागून परीक्षा काढण्याची जी सवय आपल्याकडे लागते, ती तिथे पहिल्या महिन्यातच अंगाशी येते. म्हणून पुढील मार्गदर्शनात अभ्यासाला झुकते माप दिले आहे.

आधी सत्राची निवड. तिथले शैक्षणिक वर्ष फेब्रुवारीत सुरू होऊन नोव्हेंबरमध्ये संपते आणि दुसरे सत्र जुलैपासून चालते. आपले पहिले सत्रही साधारण त्याच महिन्यांत येत असल्याने जुलैत गेलेल्या विद्यार्थ्याचे इथले एकच सत्र हलते. फेब्रुवारीत गेल्यास इथली आणि तिथली सत्रे एकमेकांवर चढतात आणि परतल्यावर परीक्षांचा घोळ होतो. जुलैचा एकच मोठा तोटा म्हणजे गणपती बाहेर जातात, आणि कोकणातल्या घराला हा तोटा किती मोठा वाटतो हे वेगळे सांगायला नको.

कागदपत्रांना किमान तीन-चार महिने हाताशी ठेवावेत. विद्यापीठाचे प्रवेशपत्र, वैद्यकीय तपासणीचा अहवाल, पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट आणि खर्चाची सोय असल्याचा पुरावा हे सर्व विद्यार्थी-व्हिसासाठी लागते. त्यातही विम्यावर अनेकांचे अडते, कारण भारतात घेतलेला नेहमीचा प्रवास-विमा या व्हिसासाठी चालत नाही. दक्षिण आफ्रिकेत नोंदणी असलेल्या वैद्यकीय योजनेचे सदस्यत्व संपूर्ण मुदतीसाठी घ्यावे लागते. अर्ज देण्यासाठी मुंबई गाठावी लागते, तेव्हा कोकणकन्येने रात्री निघण्यापूर्वी प्रत्येक कागदाची मूळ प्रत आणि झेरॉक्स वेगवेगळ्या फायलींत लावून घ्यावी. एका राहिलेल्या कागदासाठी कुडाळ किंवा सावंतवाडीहून पुन्हा फेरी करणे खिशाला आणि हाजिरीला परवडत नाही. विमान आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल, तर मधला थांबा किती तासांचा आहे हे तिकीट काढण्यापूर्वीच पाहावे. पीतज्वराचा धोका असलेल्या देशातील विमानतळावर १२ तासांहून अधिक थांबल्यास पीतज्वर लसीचे प्रमाणपत्र मागितले जाते आणि ती लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घेतलेली असावी लागते.

जुलैत आपण धो धो पावसातून निघतो आणि तिथे ऐन हिवाळ्यात उतरतो. जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे. तिथला हिवाळा कोरडा असतो, दिवसा छान ऊन पडते आणि रात्री पारा शून्याजवळ जातो. केपटाउनमध्ये याउलट हिवाळ्यातच पाऊस असतो, आणि वाऱ्यासोबत येणाऱ्या त्या गार पावसाचा आपल्या मिरगाशी काहीही संबंध नाही. घरे आणि वसतिगृहे गरम ठेवण्याची व्यवस्था अनेक ठिकाणी नसते, त्यामुळे थंडी बाहेरपेक्षा खोलीत अधिक जाणवते. यावर एक सोपा उपाय आहे, पण तो खोली मिळण्यापूर्वीच करावा लागतो. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणून वसतिगृहाच्या कार्यालयाला पत्र लिहिताना उत्तरेकडे खिडकी असलेली खोली मागावी. खोल्यांतील विजेचे सॉकेट बहुतेक ठिकाणी मोठ्या गोल तीन पिनांचे असतात, म्हणजे आपल्याकडे गिझरला लागतात तसे. त्यात बसणारा अडॅप्टर इथेच चिपळूण-रत्नागिरीच्या बाजारात घ्यावा. भारनियमन आपल्याला नवे नाही. तिथे २०२३ मध्ये त्याने कळस गाठला होता आणि २०२४ पासून ते पुष्कळ कमी झाले, तरीही पॉवर बँक जवळ असावी.

आता अभ्यास. तिथला एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे १० तासांचे काम धरले जाते, आणि त्या १० तासांत तासिका, वाचन, लेखन, परीक्षेची तयारी असे सर्व येते. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे १,२०० तास म्हणजे ४० क्रेडिट, अर्थात एका क्रेडिटला ३० तास पडतात. त्यामुळे तिथला १८ क्रेडिटचा विषय इथे सहाच क्रेडिटचा ठरतो. हा हिशेब विभागप्रमुखांसमोर बसून, निघण्यापूर्वी, विषयांच्या नावांसह लेखी मंजूर करून घ्यावा. परत आल्यावर कोणता विषय कशाच्या बदल्यात धरायचा याची चर्चा सुरू झाली, की ती महिनोन्‌महिने चालते आणि मधल्या काळात गुणपत्रिका अडकून राहते.

गुणांचे मोजमापही निराळे आहे. उत्तीर्ण होण्यासाठी ५० टक्के लागतात आणि ७५ टक्क्यांना विशेष श्रेणी मिळते. इथे ८५ टक्के मिळवणाऱ्या मुलीला तिथे पहिल्या निबंधाला ६४ मिळाले, तर तिने खचून जाऊ नये. ते चांगले गुण आहेत. समासात लिहिलेले शेरे मात्र बारकाईने वाचावेत, कारण पुढचा निबंध त्यांवरच सुधारतो. केपटाउन, ऱ्होड्स यांसारख्या विद्यापीठांत डीपी नावाची एक अट असते. सत्रातील ठरावीक निबंध, प्रात्यक्षिके आणि ट्यूटोरियलची उपस्थिती पूर्ण नसेल, तर त्या विद्यार्थ्याला अंतिम परीक्षेलाच बसता येत नाही. आपल्याकडे उपस्थितीचा नियम कागदावर असतो आणि शेवटी अर्ज करून बहुधा निभावून जाते. तिथे तशी आशा ठेवू नये.

ट्यूटोरियल हा प्रकार थोडा जवळून पाहण्यासारखा आहे. मोठे व्याख्यान शे-दोनशे जणांचे असते, पण त्याच विषयाचे ट्यूटोरियल एका लहान खोलीत पंधरा-वीस जण टेबलाभोवती बसून होते, आणि ते घेणारा बहुतेकदा पदव्युत्तर वर्गातला विद्यार्थी असतो. तो शिकवत नाही. ठरवून दिलेला लेख सर्वांनी वाचला आहे असे गृहीत धरून तो थेट विचारतो, की लेखकाचे म्हणणे तुला पटले का आणि का पटले नाही. कोकणातला विद्यार्थी अशा वेळी खाली वहीकडे पाहतो. बोलता येत नाही म्हणून नव्हे, तर मोठ्यांसमोर छापील लेखातली चूक काढणे त्याला उद्धटपणाचे वाटते म्हणून. तिथे गप्प बसणे म्हणजे न वाचणे असाच अर्थ घेतला जातो. यासाठी आदल्या रात्री लेखातील एक न पटलेला मुद्दा आणि एक न कळलेला मुद्दा वहीत लिहून न्यावा आणि पहिल्या दहा मिनिटांतच त्यातला एक बोलून टाकावा. इंग्रजी अडखळले तरी चालते. त्या टेबलाभोवतीच्या पुष्कळांची घरची भाषा खोसा, झुलू, सोथो किंवा आफ्रिकान्स असते. देशाच्या अधिकृत भाषाच १२ आहेत आणि त्यांतली बारावी, सांकेतिक भाषा, २०२३ मध्ये जोडली गेली.

निबंधात दुसऱ्याचे वाक्य उचलले आणि संदर्भ दिला नाही, तर प्रकरण शिस्तपालन समितीपर्यंत जाऊ शकते. ‘नोट्स’मधून उतरवण्याची सवय असलेल्यांनी पहिल्याच आठवड्यात ग्रंथालयाच्या लेखन-मार्गदर्शन वर्गाला नाव नोंदवावे. प्राध्यापकांच्या दारावर भेटीच्या वेळा लावलेल्या असतात. त्या वेळी गेल्यास कोणी कपाळाला आठ्या घालत नाही, उलट जो जात नाही त्याला अडचण नाही असे समजले जाते. विषय निवडताना आपल्या किनाऱ्याला उपयोगी पडेल असे काही मिळते का, हेही पाहावे. मखान्दा येथील ऱ्होड्स विद्यापीठात मत्स्यविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, तर स्टेलेनबॉश आणि प्रिटोरिया येथे कृषिशिक्षण आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठातील किंवा शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातील विद्यार्थ्याने एखाद्या नामांकित पण आपल्याला निरुपयोगी विषयात सत्र घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जेवणाचा बाऊ करण्याचे कारण नाही. तांदूळ, डाळी, मसाले सर्व मोठ्या शहरांत मिळतात; डर्बनमध्ये तर १८६० पासून भारतीय मजुरांच्या पिढ्या वसल्याने अख्ख्या बाजारपेठा आहेत. स्वतः रांधण्याची सोय असलेले वसतिगृह मिळाल्यास तेच घ्यावे. मक्याच्या पिठाचा पाप हा तिथला रोजचा पदार्थ आहे, आणि तो चमच्याने न खाता इतरांसारखा हाताने, चाकालाका या तिखट भाजीबरोबर खावा. घरून मालवणी मसाला आणि आमसुले न्यावीत, तीही दुकानातील बंद पाकिटांत, आणि विमानतळावर विचारल्यास खाद्यपदार्थ असल्याचे सांगावे. आंबे, ताजी पाने, बियाणे, मध यांपैकी काहीही परवान्याशिवाय नेऊ नये. हापूसची पेटी प्राध्यापकांना भेट देण्याचा मोह आवरावा. सामायिक स्वयंपाकघरात फोडणीच्या धुराने धोक्याची घंटा वाजू शकते, आणि सुका बांगडा भाजल्यास घंटेची गरजच पडत नाही, सगळा मजला आपोआप बाहेर येतो.

केपटाउनला जाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. रत्नागिरी आणि रायगड परिसरातील मुस्लिम कुटुंबे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे जाऊन स्थायिक झाली, आणि त्यांचे वंशज आजही स्वतःला कोकणी म्हणवतात. अशी ओळख निघाल्यास आनंद मानावा, पण तिथल्या भारतीय वंशाच्या प्रत्येकाला मूळ गाव, आडनाव आणि जात विचारण्याची आपली खोड आवरावी. ते चार-पाच पिढ्यांचे दक्षिण आफ्रिकन आहेत. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने तिथल्या माणसांची वंशानुसार सक्तीने वर्गवारी केली होती, आणि १९९४ मध्ये वर्णभेदी राजवट संपली तरी ‘कलर्ड’ (मिश्र वंशाचे), ‘इंडियन’ हे शब्द सरकारी अर्जांत आजही दिसतात. त्यावर चटकन शेरा मारण्यापेक्षा पहिले काही आठवडे ऐकावे. २०१५ मध्ये विद्यापीठांच्या फीवाढीविरुद्ध देशभर आंदोलन झाले आणि फी व निवासाचे प्रश्न अजूनही पेटतात. वर्ग बंद पडल्यास विद्यापीठाच्या ईमेलवर येणाऱ्या सूचना पाळाव्यात आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील अफवांवर जाऊ नये.

शहरात फिरताना मिनीबस टॅक्सी आपल्या सहा आसनी रिक्षेसारखीच वाटते, म्हणजे ती भरल्याशिवाय हलत नाही. भाडे रोख असते आणि मागच्या रांगेतून हातोहात पुढे सरकते. चालकाशेजारी बसणाऱ्याला बहुधा सर्वांचे सुटे पैसे मोजावे लागतात, म्हणून नवख्याने ती जागा टाळावी. या टॅक्सीने दिवसा आणि ओळखीच्या मित्रासोबतच जावे. अंधार पडल्यावर विद्यापीठाची शटल किंवा ॲपवरून बोलावलेली गाडीच वापरावी, रस्त्यात मोबाइल हातात धरून चालू नये, आणि एटीएमजवळ मदत करू पाहणाऱ्या कोणाचीही मदत घेऊ नये. मोबाइलवरून ११२ आणि पोलिसांसाठी १०१११ हे क्रमांक, तसेच विद्यापीठाच्या सुरक्षा कक्षाचा क्रमांक, पहिल्याच दिवशी साठवून ठेवावेत. सिम कार्डासाठी पासपोर्ट आणि निवासाचा पुरावा लागतो, तेव्हा वसतिगृहाचे पत्र आधी घ्यावे.

समुद्राबाबत मात्र कोकणच्या मुलांना बजावून सांगावे लागते. गुहागर किंवा वेंगुर्ल्याच्या पाण्यात वाढलेल्याला वाटते, की समुद्र म्हणजे घरचेच अंगण. केपटाउनच्या अटलांटिक किनाऱ्यावर बेंग्वेला प्रवाहामुळे ऐन उन्हाळ्यातही पाणी इतके गार असते की काही मिनिटांत हातपाय आखडतात, आणि परतीचे ओढ-प्रवाह चांगल्या पोहणाऱ्यालाही आत नेतात. जीवरक्षकांनी लावलेल्या झेंड्यांच्या मध्येच उतरावे. खांबाला टांगलेले गुलाबी तरंगते बोये दिसतील; ते बुडणाऱ्याकडे टाकण्यासाठी आहेत, एवढे ध्यानात ठेवावे.

घराशी बोलण्याची वेळ ठरवून घ्यावी. आपण साडेतीन तास पुढे असल्याने घरी रात्री आठची आरती असते तेव्हा तिथे संध्याकाळचे साडेचार वाजलेले असतात. गणपतीच्या दिवसांत त्या वेळेला ट्यूटोरियल येणार नाही असा गट सत्राच्या सुरुवातीलाच निवडता येतो, नंतर बदलून मिळत नाही. नोव्हेंबरमध्ये निघण्यापूर्वी ग्रंथालयाची पुस्तके, दंड आणि वसतिगृहाची थकबाकी मिटवावी, कारण देणे बाकी असल्यास गुणपत्रिका रोखली जाते. ती आपल्या महाविद्यालयाकडे थेट पाठवण्याचा अर्जही तिथे असतानाच भरून त्याची पोच घ्यावी.