कंबर-मान मोडून घेण्याआधी : कायरोप्रॅक्टरची नोंदणी कशी तपासायची आणि तक्रार कुठे करायची

रावेर-यावलकडे केळीचे घड वाहून कंबर धरलेला मजूर असो, धुळ्यात दिवसभर शिलाई मशीनवर बसणारी बाई असो की रोज मोटारसायकलवरून नोकरीचे गाव गाठणारा शिक्षक असो, पाठीत उसण भरली की पूर्वी पाय हाडवैद्याकडे वळायचे. आता मोबाइलवर मान ‘कडकड’ मोडण्याचे व्हिडिओ दिसतात आणि माणूस शहरातल्या ‘स्पाइन सेंटर’चा पत्ता शोधतो. पाटीवर लिहिलेले असते ‘कायरोप्रॅक्टर’, म्हणजे हाताने मणके-सांधे हलवून, मोडून उपचार करणारा. हा शब्द वाचून घरचे एकच विचारतात, ‘यांच्याकडे लायसन्स असेल ना?’

इथेच गफलत होते. भारतात कायरोप्रॅक्टरला परवाना देणारी वेगळी वैधानिक परिषद नाही, ना महाराष्ट्रात, ना केंद्रात. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात व्यवसायांचे दहा गट आहेत. त्यांत फिजिओथेरपी आहे, कायरोप्रॅक्टिक नाही. त्यामुळे ‘लायसन्स आहे का’ असे विचारले की उत्तर ‘हो’च येते आणि कुठला तरी कागद पुढे सरकवला जातो. प्रश्न वेगळा विचारायचा : ‘तुमचे नाव कोणत्या परिषदेच्या रजिस्टरात आहे आणि नंबर काय?’ अहिराणीत विचारा, काही बिघडत नाही : ‘दादा, तुमना रजिस्ट्रेशन नंबर काय शे?’ नोंदणी असलेल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही, तो नंबर सांगून मोकळा होतो.

कोणते रजिस्टर मोजायचे

एमबीबीएस आणि त्यापुढचे अस्थिरोगतज्ज्ञ यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. बीएएमएस म्हणजे आयुर्वेदाच्या डॉक्टरांची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसीनकडे, होमिओपॅथीची तिच्या स्वतंत्र परिषदेकडे. फिजिओथेरपिस्टची नोंदणी महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे होते. लोक तिला ‘ओटीपीटी कौन्सिल’ म्हणतात आणि तिचा कायदा २००२ चा आहे. मणके हाताने हलवण्याचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण फिजिओथेरपीत ‘मॅन्युअल थेरपी’ या नावाने मिळते. म्हणून पाटीवर कायरोप्रॅक्टर लिहिणारा माणूस मुळात नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट असू शकतो. तसे असेल तर तो कायद्याच्या चौकटीत आहे आणि त्याच्यावर नजर ठेवणारी परिषदही आहे. यांपैकी एकाही रजिस्टरात नाव नसेल, तर त्याच्या हातून चूक झाल्यावर त्याची नोंदणी रद्द करू शकेल असे कोणीच नाही, कारण नोंदणीच नाही.

महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ च्या कलम ३३ नुसार रजिस्टरात नाव नसलेल्या माणसाने वैद्यकीय व्यवसाय करणे हा गुन्हा आहे आणि त्याला सक्तमजुरी व दंड अशी शिक्षा आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा २०१९ च्या कलम ३४ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

‘अमेरिकेचे लायसन्स आहे’ असे कोणी म्हटले तर

कायरोप्रॅक्टिकचा जन्म अमेरिकेतला, १८९५ चा, आयोवातल्या डॅव्हनपोर्ट गावातला. तिथे परवाना केंद्र सरकार देत नाही, प्रत्येक राज्य आपापला देते. पहिला परवाना कायदा कॅन्सासने १९१३ मध्ये केला, शेवटचा लुइझियानाने १९७४ मध्ये. ‘डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक’, म्हणजे डीसी, ही पदवी मिळाली की लगेच दवाखाना उघडता येत नाही. राष्ट्रीय मंडळाच्या चार भागांच्या परीक्षा द्याव्या लागतात, मग राज्याच्या बोर्डाकडे अर्ज, राज्याच्या नियमांची अट आणि पुढे दर नूतनीकरणाला शिक्षणाचे ठरावीक तास. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिल आहे आणि तिच्या रजिस्टरात नसलेल्याला तिथे स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवताच येत नाही.

हे सांगण्याचे कारण असे की या बोर्डांची यादी सगळ्यांना खुली असते. कोणी कॅलिफोर्नियाच्या परवान्याची फ्रेम दाखवली, तर राज्याचे नाव आणि परवाना क्रमांक टिपून घ्या आणि त्या राज्याच्या कायरोप्रॅक्टिक बोर्डाच्या संकेतस्थळावर शोधा. परवाना चालू आहे, संपला आहे की रद्द झाला आहे ते तिथे दिसते, पाच मिनिटांचे काम आहे. परवाना खरा निघाला तरी तो त्या राज्यापुरताच. कॅलिफोर्नियाचा परवाना शेजारच्या नेवाडात आपोआप चालत नाही, मग चोपड्यात कसा चालेल? खरी डीसी पदवी म्हणजे माणूस शिकलेला आहे, एवढे नक्की. कायद्याने उपचाराचा अधिकार ही वेगळी गोष्ट.

भिंतीवरचे कागद नीट वाचा

बाहेरच्या खोलीत थांबायचे असतेच, तेवढ्यात भिंतीवर नजर फिरवा. गुमास्ता म्हणजे दुकान चालवण्याची नोंद. तो किराणा दुकानालाही असतो आणि सलूनलाही. उद्यम प्रमाणपत्र लघुउद्योगाचे असते, आयएसओ प्रमाणपत्र व्यवस्थापनाचे. ट्रस्टचा किंवा संस्थेचा नोंदणी क्रमांक त्या संस्थेचा असतो, उपचार करणाऱ्याचा नव्हे. यांतला एकही कागद मानेला हात लावायची परवानगी देत नाही. सात दिवसांच्या किंवा शनिवार-रविवारच्या कोर्सचे सोनेरी सर्टिफिकेट उपस्थितीचे असते. ‘एमडी (एएम)’ असे काही दिसले तर सावध व्हा. ती अल्टरनेटिव्ह मेडिसीनच्या नावाने दिलेली पदवी असते आणि वैद्यक परिषदा ती मानत नाहीत.

फ्रेममधल्या कागदावर चार गोष्टी बघायच्या : देणाऱ्या परिषदेचे नाव, नोंदणी क्रमांक, कधीपर्यंत वैध ती तारीख, आणि नाव व फोटो समोरच्या माणसाचाच आहे का. शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त निसटते. सर्टिफिकेट एका बीएएमएस डॉक्टरांचे आणि मणके मोडतो दुसराच, ज्याला सगळे ‘सर’ म्हणतात, असा प्रकार असतो. म्हणून ‘हात कोण लावणार’ हे आधीच विचारा आणि त्या माणसाचा नंबर मागा.

नंबर तपासताना

एमबीबीएससाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव किंवा नंबर टाकून शोधता येते. कौन्सिलने ‘नो युअर डॉक्टर’ हा क्यूआर कोडही सुरू केला आहे. तो दवाखान्यात लावलेला असेल तर मोबाइलने स्कॅन करा. नूतनीकरण दर पाच वर्षांनी असते, त्यामुळे जुनी नोंदणी खरी असूनही मुदत संपलेली निघू शकते. फिजिओथेरपिस्ट आणि बीएएमएससाठी त्यांच्या परिषदेकडे विचारणा करा. यादीत नाव सापडले नाही तर लगेच ‘बोगस’ ठरवू नका. इंग्रजी स्पेलिंग, लग्नानंतर बदललेले आडनाव, वडिलांच्या नावाचा क्रम यांनी शोध चुकतो. नावाऐवजी नंबराने शोधा. तरीही सापडले नाही तर परिषदेला ईमेलने किंवा पत्राने विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आपल्या भागाची एक अडचण वेगळी आहे. नंदुरबार-नवापूरची माणसे उपचाराला सुरतला जातात, रावेरची बऱ्हाणपूरला, शिरपूरची सेंधव्याला. तिकडच्या व्यावसायिकाचे नाव महाराष्ट्राच्या यादीत मिळणार नाही, ते गुजरातच्या किंवा मध्य प्रदेशच्या परिषदेत शोधायचे. एमबीबीएससाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या भारतीय वैद्यक नोंदवहीत सगळ्या राज्यांची नावे मिळतात. उलटही लक्षात ठेवा. मंगल कार्यालयात दोन दिवसांचे ‘मणका शिबिर’ लावून परराज्यातून येणारा माणूस तिसऱ्या दिवशी गावात नसतो. शिबिरात हात लावू देण्याआधी आयोजकाचे नाव, उपचार करणाऱ्याचा नंबर आणि पावती या तीन गोष्टी हातात हव्यात.

नोंदणी असली तरी कधी नाही म्हणायचे

मोडताना येणारा ‘कट्’ आवाज सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार होण्याचा असतो. हाड जागेवर बसल्याचा तो पुरावा नव्हे. एक्स-रे दाखवून ‘गॅप आहे, तीन बैठकांत भरून देतो’ असे कोणी सांगितले तर उठून या. चकतीची उंची वयाने कमी होते आणि मोडून ती वाढत नाही.

पाय लुळे पडत असतील, लघवी अडली असेल किंवा नकळत होत असेल, बसण्याच्या जागी बधिरपणा आला असेल, तर कुठल्याही सेंटरला न जाता त्याच दिवशी सरकारी किंवा खासगी मोठ्या रुग्णालयात जा. मज्जातंतूंचा गुच्छ दबल्याची ही लक्षणे आहेत आणि तिथे तासांचा हिशेब असतो. पडल्यानंतरचे दुखणे, रात्री वाढणारे दुखणे, सोबत ताप आणि वजन घटणे म्हणजे मणक्याच्या क्षयरोगाचीही शंका, कर्करोगाचा इतिहास, हाडे ठिसूळ झालेली म्हातारी माणसे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणारे : यांना झटका देऊन मोडणे चालत नाही. विचारपूस न करता, औषधे न विचारता थेट हात लावणारा माणूस कितीही नावाजलेला असो, त्याच्यापुढे झोपू नका.

मानेबाबत जास्तच जपा. मान झटक्याने फिरवल्यावर मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचा आतला थर फाटू शकतो. हे विरळा घडते, पण घडले तर पक्षाघात होतो. मोडल्यानंतर अचानक भोवळ, दोन-दोन दिसणे, बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे यांपैकी काहीही दिसले तर ‘घरी जाऊन शेकू’ म्हणायचे नाही, १०८ ला फोन करायचा.

हाडवैद्याचा पट्टा हा धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर अजून रोजचा विषय आहे. कामट्या लावून कसून बांधलेल्या पट्ट्याखाली बोटे निळी-पांढरी पडली, बोटे ताणल्यावर असह्य दुखले, मुंग्या येऊन स्पर्श कळेनासा झाला, तर पट्टा ताबडतोब सोडा आणि रुग्णालय गाठा. सूज आत कोंडली की स्नायू मरतात आणि हात-पाय कायमचा आखडतो.

इजा झाली तर, किंवा माणूस बोगस वाटला तर

आधी शरीर, मग कागद. सरकारी रुग्णालयात गेल्यावर डॉक्टरांना स्पष्ट सांगा : कोणत्या तारखेला, कुठे, कोणी, काय केले आणि त्यानंतर किती वेळात काय झाले. हे केसपेपरवर लिहून घ्या आणि एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवण्याजोगी वैद्यकीय-कायदेशीर नोंद करायला सांगा. बहुतेक जण लाजेने ‘घरी पडलो’ सांगतात आणि तिथेच प्रकरण संपते. पुढे कुठल्याही चौकशीत पहिला केसपेपरच बघतात.

पुरावा गोळा करताना पाटीचा फोटो, व्हिजिटिंग कार्ड, पावती, यूपीआयने पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट, जाहिरातीची लिंक आणि व्हॉट्सअॅपवरचे संभाषण ठेवा. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. पैसे रोख दिले असतील तर निदान त्याच दिवशी ‘आज हजार रुपये दिले, पावती द्या’ असा मेसेज टाकून ठेवा. धाड पडल्यावर असे लोक ठरलेले उत्तर देतात, ‘मी फक्त मालिश करतो.’ नुसती मालिश हा वैद्यकीय व्यवसाय नाही, त्यामुळे कारवाई ढिली पडते. पाटीवरचे ‘डॉ.’, लिहून दिलेली गोळी, दिलेले इंजेक्शन, एक्स-रे वाचून सांगितलेले निदान, ‘पॅरालिसिस बरा करतो’ हा दावा, यांतले काही दाखवता आले तर ते उत्तर टिकत नाही. पॅरालिसिस किंवा संधिवात बरा करणाऱ्या तेलाची जाहिरात असेल, तर १९५४ चा औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा लागतो. त्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात द्या.

तक्रार कुठे, हे माणूस कोण आहे त्यावर ठरते. नोंदणी असलेल्याची तक्रार त्याच्या परिषदेकडे. नोंदणी नसलेल्याची परिषदेकडे पाठवली तर ‘आमच्या रजिस्टरात नाही’ एवढेच उत्तर येते आणि महिने जातात. त्याची तक्रार गावात तालुका आरोग्य अधिकारी व जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, जळगाव-धुळे शहरात महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्या. बोगस डॉक्टर शोध समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते, म्हणून एक प्रत तिकडेही. इजा झाली असेल तर पोलीस ठाण्यातही. भारतीय न्याय संहितेचे कलम १२५ दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याचे आहे.

अर्ज एका पानाचा पुरतो. तुमचे नाव-पत्ता, सेंटरचा पूर्ण पत्ता आणि उघडे असण्याची वेळ, त्या माणसाने स्वतःची काय ओळख सांगितली, तारीखवार घटना आणि सोबतच्या कागदांची यादी. ‘गरिबांना लुटतो’ अशी वाक्ये काढून टाका, त्यांनी अर्ज हलका होतो. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. पोच नसलेला अर्ज दिला नाही असेच समजा.

पैसे आणि भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. सुरतला उपचार घेतलेल्या नंदुरबारच्या माणसाला हा मोठा आधार आहे. त्याआधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

महिनाभर काही हालचाल दिसली नाही तर जिल्हा आरोग्य अधिकारी कार्यालयातल्या जनमाहिती अधिकाऱ्यांकडे माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्ज दीडशे शब्दांच्या आत, विषय एकच : ‘अमुक आवक क्रमांकाच्या माझ्या तक्रारीवर आजपर्यंत झालेल्या कारवाईच्या नोंदींच्या प्रती.’ तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. ‘कारवाई का केली नाही’ असे विचारू नका, ‘का’ला माहिती देण्याचे बंधन नाही म्हणून तो अर्ज परत येतो. नोंदींच्या प्रतीच मागा.